दुसरी वाट

बेंगळुरूच्या पूर्वेस, कृष्णराजपुरमकडे जाताना, दूरवाणीनगर नावाची वसाहत लागते. मराठीने ज्या यंत्राला दूरध्वनी म्हटले त्याला कन्नडने दूरवाणी म्हटले. कानाला येतो तो ध्वनी आणि मनाला पोचते ती वाणी, हा भेद ध्यानात घेतला तर शेजारच्या भाषेने शब्द अधिक नेमका निवडला, हे मराठी भाषाभिमान्यांनीही मान्य करायला हरकत नाही. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर वर्षभराच्या आतबाहेरच, १९४८ साली, येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि देशातील टेलिफोनची यंत्रे व त्यांची जोडकेंद्रे येथे घडू लागली. पुढे १९८४ साली सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था निघाली. तिचेही एक केंद्र बेंगळुरूत आले. २००० साली याच शहरात तेजस नेटवर्क्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, कुमार शिवराजन, हे तत्पूर्वी येथील भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन करीत. प्रकाशीय जालांविषयी राजीव रामस्वामी यांच्यासह त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ अनेक देशांतील विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. तांब्याच्या तारेपासून काचेच्या तंतूपर्यंतचा भारतीय दूरसंचाराचा प्रवास ज्याला एका गावात पाहावयाचा असेल, त्याने बेंगळुरूस जावे.

आणि त्याच गावात त्या काचेच्या तंतूचे वैरीही पाहावेत. मेट्रोचे खांब, पावसाच्या पाण्याची गटारे, जलवाहिन्या, विजेच्या भूमिगत तारा, या ना त्या निमित्ताने बेंगळुरूचा रस्ता कोठे ना कोठे उकरलेला असतोच. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना हे दृश्य मुळीच परके वाटणार नाही. जेसीबीचा लोखंडी पंजा जमिनीत शिरतो, मातीबरोबर एक काळी नळी वर येते, चालक क्षणभर थांबतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्या नळीत केसाएवढ्या जाडीचे काही डझन तंतू असतात. त्यांतून त्या घटकेला किती माणसांचे बोलणे, किती बँकांचे हिशेब आणि किती रुग्णालयांची कागदपत्रे वाहत होती, याची त्या चालकाला कल्पना नसते, आणि ती नसावी हे स्वाभाविकही आहे.

काचेच्या तंतूतून दूरवर संदेश पाठविता येईल, हे चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने १९६६ साली इंग्लंडमध्ये साधार मांडले. त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. भारतात दूरध्वनीच्या कामासाठी प्रकाशतंतूची पहिली यंत्रणा १९७९ साली सुरू झाली ती पुण्यात, शहरातील दोन जोडकेंद्रांच्या दरम्यान. तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. बेंगळुरूहून निघालेला संदेश तंतूच्या वाटेने मुंबईस पोचायला सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. तांब्याच्या तारांच्या जाडजूड जुडग्यातून जेवढे संभाषण जात असे, त्याच्या कित्येक पटींनी अधिक एका तंतूतून जाते. हाच त्याचा गुण आणि हेच त्याच्या मालकाच्या चिंतेचे मूळ. पूर्वी एक तार तुटली तर एक घर मुके होई. आज एक तंतू तुटला तर एखादा जिल्हा मुका होऊ शकतो.

यावरचा उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. सह्याद्रीतील किल्ला बांधताना महाद्वाराखेरीज एखादा चोरदरवाजा किंवा दिंडी ठेवण्याची रीत होती. महाद्वाराशी शत्रूने तळ दिला तर गडावरच्या माणसांना उतरण्यासाठी दुसरी वाट हवी. दूरसंचाराच्या अभियंत्यांनी तेच केले. दोन ठाण्यांच्या दरम्यान एक कार्यमार्ग आणि एक संरक्षक मार्ग ठेवला, आणि पहिला बंद पडताच वाहतूक दुसऱ्यावर वळविण्याची जबाबदारी यंत्रावर सोपविली. कोठे दोन्ही मार्गांवर एकच संदेश सतत पाठवितात आणि घेणारा त्यांतील चांगला निवडतो. ही पद्धत साधी, पण खर्चाची; प्रत्येक शब्द दोनदा बोलावयाचा. कोठे अनेक कार्यमार्गांच्या मागे एकच राखीव मार्ग ठेवतात, गावातल्या अनेक विहिरींसाठी एकच राखीव मोट ठेवावी तसा. कोठे ठाणी कंकणासारखी गोलाकार जोडतात, म्हणजे एका बाजूने वाट तुटली तर उलट दिशेने फेरा घेऊन संदेश मुक्कामास पोचतो.

हे सारे किती वेळात व्हावे? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने घालून दिलेले मान असे आहे की बिघाड ओळखल्यापासून ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात, वाहतूक दुसऱ्या मार्गावर गेलेली असावी. पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. दूरध्वनीवर बोलणाऱ्याला फार तर ‘खट्’ असा आवाज ऐकू येईल आणि बोलणे पुढे चालू राहील. एवढ्या अवधीत नियंत्रण कक्षातल्या माणसाला विचारून निर्णय घेणे शक्य नाही. त्याने खुर्चीत मान वळवावी तोवर सारे उरकलेले असते. म्हणून यंत्रांनी आपसांत बोलून हा निर्णय घ्यावयाचा असतो, आणि त्या बोलण्याची रीत मोठी कुतूहलजनक आहे.

१९८८ साली ज्या प्रणालीची मानके ठरली, त्या एसडीएच प्रणालीत माहिती चौकटींमध्ये भरून पाठवितात. सेकंदाला ८००० चौकटी जातात. प्रत्येक चौकटीच्या माथ्यावर काही जागा यंत्रांच्या खाजगी कामकाजासाठी राखलेली असते, आणि तीत के-१ व के-२ नावाची दोन घरे मुख्यतः या मार्गबदलाच्या वाटाघाटींसाठी असतात. एका टोकाचे यंत्र के-१मध्ये लिहिते, ‘माझ्याकडे अमुक मार्गावर संदेश येत नाही, वळवा’. दुसरे टोक के-२मध्ये उत्तरते, ‘वळविला’. एकदा ऐकलेल्या शब्दावर मात्र कोणी विश्वास टाकत नाही. लागोपाठ तीन चौकटींत तोच मजकूर आला तरच तो खरा मानावयाचा. त्रिवार उच्चाराची ही प्रथा आपल्याकडील कित्येक विधींतही आहे. येथे ती पुरी व्हायला सेकंदाचा अडीच हजारावा भागसुद्धा लागत नाही. मार्गाचा क्रमांक लिहिण्यासाठी चार द्विमान अंकांची जागा आहे. चार अंकांत सोळा संख्या मावतात. त्यांतील दोन विशेष कामासाठी गेल्या, म्हणून एका राखीव मार्गामागे अधिकात अधिक १४ कार्यमार्ग राहू शकतात. कंकणातील ठाण्यांची संख्याही याच हिशेबाने १६वर थांबते. मोठमोठ्या यंत्रणांच्या मर्यादा पुष्कळदा अशा एखाद्या लहानशा रकान्याने ठरलेल्या असतात, हे सरकारी नमुन्यांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना सांगावयास नको.

आता इशाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना सर्वत्र ‘अलार्म’ म्हणतात त्यांच्याकडे वळू. तंतू तुटला की घेणाऱ्या यंत्राला प्रकाश मिळेनासा होतो. ते ‘सिग्नल गेला’ असा पुकारा करते. पण त्या यंत्राच्या पुढे रांगेत आणखी दहा यंत्रे असतील, तर त्यांनाही काही मिळत नाही. त्या सर्वांनी एकदम आक्रोश सुरू केला तर मूळ दुखणे कोठे आहे हे कळायचे कसे? म्हणून पहिले यंत्र पुढच्यांना एक ठराविक मजकूर पाठवू लागते, ज्यात निव्वळ एकाचा अंक पुनःपुन्हा असतो. त्याचा अर्थ असा की, ‘बिघाड माझ्याही मागे आहे, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, गप्प राहा.’ आणि मागे, बोलणाऱ्याच्या दिशेने, ते दुसरा निरोप पाठविते: ‘तू बोलतो आहेस, पण मला ऐकू येत नाही.’ हा दुसरा निरोप फार महत्त्वाचा आहे, कारण तंतू बहुधा जोडीने असतात, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्यांतला एकच तुटला तर बोलणाऱ्याला सारे आलबेल वाटत राहते.

पूर्ण तुटणे हा बिघाडाचा सरळ प्रकार. याहून अवघड म्हणजे हळूहळू बिघडणे. जोड सैल होतो, तंतू कोठेतरी फार वाकतो, आणि संदेशात चुका पडू लागतात. किती चुकांना बिघाड म्हणावयाचे हे चालकाने ठरवावयाचे असते. एक लाख अंकांत एक चूक येथपासून ते शंभर कोटींत एक चूक येथपर्यंत ती मर्यादा लावता येते. मर्यादा फार कडक लावली तर यंत्र क्षुल्लक कारणाने वाट बदलत राहते. फार सैल लावली तर रोग बळावेपर्यंत कोणी नाडी पाहत नाही. दुरुस्त झालेल्या मार्गावर परत येतानाही असाच विवेक लागतो. मार्ग सुधारला की लगेच परतावयाचे नाही. पाच ते बारा मिनिटे थांबून तो खरोखर टिकतो काय, हे पाहावयाचे. नाहीतर जोडारी अजून खड्ड्यात बसून तंतू सांधत असताना वाहतूक इकडून तिकडे झोके घेत राहील.

तथापि नियंत्रण कक्षातला खरा कसोटीचा इशारा निराळाच आहे. कार्यमार्ग तुटला तर तो लपत नाही. पण संरक्षक मार्ग तुटला तर? कोणाचे बोलणे थांबत नाही, कोणी तक्रार करीत नाही, फलकावर तांबड्याऐवजी पिवळा ठिपका येतो, आणि शेकडो पिवळ्या ठिपक्यांत तो हरवून जातो. चोरदरवाजा ढासळला तरी महाद्वार उघडे आहे तोवर गडावर कोणाला काही कळत नाही. पहिल्या मार्गाचा तंतू जेव्हा केव्हा तुटतो, तेव्हा ‘यंत्राने वाट बदलली नाही’ असा दोष यंत्रावर येतो. वस्तुतः यंत्राने आठवड्यापूर्वीच सांगितलेले असते.

यंत्राला इतकी मोकळीक दिल्यावर माणसाचा अधिकार काय उरला? तो चार-पाच आज्ञांत उरला आहे, आणि त्यांची उतरंड मोठ्या विचाराने रचलेली आहे. सर्वांत खाली ‘एक्सरसाइज’. हिच्याने वाट प्रत्यक्ष बदलत नाही; दोन्ही टोकांची यंत्रे वाटाघाटीची तालीम तेवढी करतात. तिच्या वर, मार्ग सुधारल्यानंतरच्या प्रतीक्षेच्याही वर, ‘मॅन्युअल स्विच’. ही आज्ञा माणूस देतो, पण एखादा मार्ग बिघडल्याचे दिसताच यंत्र ती बाजूला ठेवते. प्रत्यक्ष बिघाडापुढे माणसाच्या इच्छेने मान तुकवावी, असा येथे संकेत आहे. त्याच्याही वर ‘फोर्स्ड स्विच’. कार्यमार्ग सुस्थितीत असो वा नसो, वाहतूक राखीव मार्गावर गेलीच पाहिजे, असे ती सांगते. आणि सर्वांच्या माथ्यावर ‘लॉकआउट’: संरक्षक मार्गाकडे कोणीही, कोणत्याही कारणाने, जावयाचे नाही. या साऱ्या आज्ञा मागे घेणारी आज्ञा म्हणजे ‘क्लिअर’.

लॉकआउटची गरज काय, असे एखाद्यास वाटेल. गरज खरी आहे. राखीव तंतूची दुरुस्ती चालू आहे, जोडाऱ्याने तो हातात धरला आहे, अशा वेळी यंत्राने आपणहून सारी वाहतूक त्याच्या हातातल्या तंतूवर टाकू नये, म्हणून ही आज्ञा हवीच. परंतु समजा, मध्यरात्री ती दिली. पहाटे चारच्या सुमारास काम संपले. जोडाऱ्याने फोन करून कळविले. तेवढ्यात पाळी बदलण्याची वेळ आली. गेलेल्याला वाटले की येणारा ती आज्ञा मागे घेईल. आलेल्याला ती दिल्याचे ठाऊकच नाही. राखीव तंतू आता उत्तम स्थितीत आहे, त्याच्यावर एकही इशारा नाही. आठ दिवसांनी कार्यमार्गावर जेसीबीचा पंजा पडतो. यंत्र बिघाड ओळखते, वाट बदलण्याची विनंती तयार करते, आणि पाहते तो वरिष्ठ आज्ञा लागू आहे. ते थांबते. चांगला तंतू रिकामा पडून असतो, आणि कोणी तरी १०८ क्रमांक पुनःपुन्हा फिरवीत असतो. या प्रसंगात कोणतेही यंत्र बिघडलेले नाही. प्रत्येकाने नेमून दिलेले काम अचूक केले आहे.

म्हणून जाणत्या कंपन्यांत या आज्ञांचा हिशेब वहीत मांडतात: कोणी दिली, कोणत्या कामासाठी, किती वाजेपर्यंत. पाळी सोपविताना लागू असलेल्या आज्ञांची यादी मोठ्याने वाचावयाची, असा परिपाठ असेल तर उत्तमच. स्टेशनमास्तर आपला कार्यभार सोपविताना कोणत्या रुळावर काम चालू आहे हे लेखी देतो, त्यातलाच हा प्रकार. आज्ञा लागू असताना यंत्रही त्याची नोंद फलकावर दाखविते. पण ती सौम्य दर्जाची नोंद असल्यामुळे डोळ्यांवर येत नाही. लॉकआउटला सौम्य मानणे ही, सरळ सांगावयाचे तर, वर्गीकरणातली चूक आहे. प्रत्येक जालाच्या चालकाने तिचा दर्जा स्वतःच्या अधिकारात वाढवून घ्यावा.

दुसरी वाट असूनही ती नसल्यासारखी होण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते कोणत्याही फलकावर दिसत नाही. नकाशावर दोन मार्ग दोन रंगांत काढलेले असतात. जमिनीत मात्र ते एकाच चरातून जातात. खणण्याचा खर्च दोनदा का करावा, पूल एकच आहे मग दुसरी नळी कोठून न्यावी, परवानगी एकाच रस्त्याची मिळाली, अशी त्याची कारणे असतात आणि प्रत्येक कारण त्या त्या वेळी पटण्यासारखे असते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाशी असलेल्या सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या. दोन्ही मुंबईस जोडलेल्या. दोन कंपन्या, दोन केबल, पण वाट एकाच चिंचोळ्या टापूतून गेलेली. भारताची परदेशाशी असलेली इंटरनेटची वाहतूक त्या दिवशी निम्म्याच्या आसपास आली, आणि बेंगळुरूच्या ज्या कचेऱ्या अमेरिका-युरोपचे काम रात्रंदिवस करीत, त्यांना पूर्वेकडच्या, पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या लांबच्या वाटेचा आश्रय घ्यावा लागला. त्या घटनेत ५० मिलिसेकंदांचे मान काही कामाचे नव्हते. वळावयाचे कोठे, हाच प्रश्न होता.

जमिनीवरच्या तंतूंसाठी भारत सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची व्यवस्था सुरू केली. खणणाऱ्याने आधी कळवावे, आणि ज्यांच्या वाहिन्या खाली आहेत त्यांनी त्याला सावध करावे, अशी ती योजना. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याहून मोठा निर्णय झाला. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याचा जो कार्यक्रम २०११ साली मंजूर झाला होता आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखला जाऊ लागला, त्याची रचना मुख्यतः सरळ रेषांची होती. तालुक्याहून तंतू निघे, गावागावांना स्पर्श करीत शेवटच्या गावी संपे. मधे कोठे नांगर लागला, पुलाचे काम निघाले, रस्ता रुंद झाला, की पुढची सारी गावे तुटत. सात-बाऱ्याचा उतारा घेण्यास आलेला शेतकरी ‘लाइन नाही’ एवढे ऐकून परत जाई. सुधारित कार्यक्रमात या रेषांची कंकणे करावयाची ठरले, आणि त्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. म्हणजे या युक्तीची गरज आता रायचूरच्या आणि नांदेडच्या खेड्यालाही आहे. कंकण पुरे करण्यासाठी गावाच्या दुसऱ्या अंगाने तंतू न्यावा लागेल. तो त्याच रस्त्याच्या दुसऱ्या कडेने नेला काय, की खरोखर वेगळ्या शिवारातून, यावर त्या पैशाचे मोल ठरेल. आणि हे पाहण्यासाठी मोजमाप-पुस्तिकेवर सही करणाऱ्याने एकदा तरी त्या वाटेने चालत जाणे भाग आहे.

एसडीएच प्रणाली आता मागे पडत चालली आहे. तिच्या जागी ओटीएन आणि इथरनेटवर आधारलेली नवी यंत्रे येत आहेत. त्यांच्या चौकटी निराळ्या, वेग कित्येक पटींनी अधिक. परंतु लॉकआउट, फोर्स्ड, मॅन्युअल, एक्सरसाइज, क्लिअर ही नावे आणि त्यांची उतरंड बव्हंशी तशीच उचलून नव्या मानकांत घेतलेली आढळते. जुन्या यंत्रांच्या भाषेत लॉकआउटची खूण चार एके अशी आहे. बिघाडाची, इच्छेची, तालमीची, अशा साऱ्या खुणा तिच्या खाली क्रमाने येतात. अगदी तळाशी चार शून्ये आहेत, त्यांचा अर्थ ‘काही विनंती नाही’. दोन्ही मार्ग धड आहेत, कोणाची आज्ञा लागू नाही, अशा वेळी एका ठाण्याचे यंत्र दुसऱ्याला हीच चार शून्ये पाठवीत असते, सेकंदाला ८००० वेळा, रात्रंदिवस.